सेतुमाधवराव पाळणाघरं तपासतात

"अप्पा, पाळणाघर तुम्हीच निवडा," डबा भरता भरता कौमुदी म्हणाली आणि तिच्या सासऱ्यांच्या, सेतुमाधवरावांच्या हातातला इडलीचा घास हातातच राहिला. "तुमच्याइतकी बारीक नजर कुणाची आहे? तुमचे गुडघे हे असे, ऊर्मी ही अशी भिंगरी. बँकेत बसून माझा जीव थाऱ्यावर नसतो हो."

नजरेचं खरं होतं. सेतुमाधवरावांनी संरक्षण कारखान्यात छत्तीस वर्षं माल तपासला होता. त्यांनी नापास केलेला बोल्ट पास करायची साहेबाचीसुद्धा टाप नव्हती. पण बायको गेल्यापासून त्यांचा दिवस उजाडायचा तो अडीच वर्षांच्या नातीसाठी, ऊर्मीसाठी. 'ताता, ताता' करत ती आजोबांच्या वेष्टीला, त्या पांढऱ्या लुंगीला, लोंबकळायची, एवढंच काय ते त्यांचं राज्य उरलं होतं. तेही आता सोडायचं, आणि कुणाच्या ताब्यात द्यायचं ते शोधायचं त्यांनीच! म्हाताऱ्यानं मनाशी ठरवलं, तपासायचं सगळं आणि पास करायचं काहीच नाही.

बारा कलमांचा तक्ता आखून, खिशात मोजायची टेप घालून, ऊर्मीला खालच्या मामींकडे सोडून ते निघाले. चेन्नईच्या नुंगंबाक्कम भागातल्या पहिल्या पाळणाघरातलं बेसिन दोन बोटं उंच निघालं. नापास. दुसऱ्यातला पंखा डुगडुगत होता. नापास. तिथल्या बाईंनी घाबरत विचारलं, "सार, आपण कुठल्या खात्यातून आलात?"

"इन्स्पेक्शन," सेतुमाधवराव सवयीनं म्हणाले. त्यात खोटं काय होतं? जन्मभर त्यांचं खातं तेच होतं.

झालं! तासाभरात सगळ्या भागात बोंब झाली. तिसऱ्या पाळणाघरात ते पोचले तर आया रांगेत उभ्या, पोरांचे भांग पाडलेले आणि टेबलावर नारळपाणी. "छत्तीस वर्षांत मी कुणाची कॉफीसुद्धा प्यालो नाही!" असं ठणकावून त्यांनी नारळपाण्याची वेगळी फुली मारली. चौथ्यानं तर फाटकाला कुलूपच घातलं होतं. बाहेर 'औषधफवारणी चालू' अशी पाटी आणि आत पोरांचा कल्ला.

संध्याकाळी कौमुदी रडकुंडीला आली. "अप्पा, चार ठिकाणी फोन केले. सगळ्यांनी ॲडमिशन बंद केलीय. कुणी सरकारी म्हातारा टेप घेऊन हिंडतोय म्हणे!"

"असं? कठीण आहे बाई," म्हणत सेतुमाधवराव वर्तमानपत्राआड पोटभर हसले.

दुसऱ्या दिवशीचं पाचवं पाळणाघर अलमेलू नावाच्या बाईंचं होतं. त्या अजिबात घाबरल्या नाहीत. "या सार, तुमचीच वाट बघत होते," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. "काय मोजायचं ते मोजा." बेसिन बरोबर निघालं. पंखा गप्प फिरत होता. दाराची कडी मुलांचा हात पोचणार नाही इतकी वर होती, आणि भरदुपारी दोन्ही आया टक्क जाग्या होत्या. बारावं कलमही पास झालं तेव्हा सेतुमाधवरावांना घाम फुटला. आता सुनेला काय सांगायचं?

तक्त्यात खाली एक ओळ रिकामी होती. त्यांना एकदम सुचलं. घराशी तुलना केली तर कुठलं पाळणाघर टिकणार? त्यांनी तिथे आपल्या इमारतीचं नाव लिहिलं, 'प्रसन्न निलयम्', आणि पोरांच्या बुटक्या खुर्चीवर बसून कलमं भरायला घेतली. बेसिनपाशी ऊर्मीला उचलून धरावं लागतं. फुली. सांभाळणाऱ्याचं वय चौऱ्याहत्तर. फुली. कडी ऊर्मी स्टुलावर चढून काढते. फुली. फुल्या भराभर पडत गेल्या. सांभाळणारा दुपारी झोपतो का? इथे पेन थांबलं.

गेल्या महिन्यात त्यांचा डोळा लागला असताना ऊर्मी दोन जिने उतरून थेट रस्त्यावर गेली होती. खालच्या त्रिपुरसुंदरी मामींनी तिला उचलून आणलं आणि कुणाकडे चकार शब्द काढला नाही. सेतुमाधवरावांनीही काढला नव्हता. त्या धसक्यानं त्यांची रात्रीची झोप उडाली होती, त्यामुळे दुपारची जास्तच लागायला लागली होती.

दुसऱ्या कुणाचा माल असता तर त्यांनी क्षणात परत पाठवला असता. ओळखीपाळखीवर त्यांनी आजवर एक बोल्टही सोडला नव्हता. त्यांनी फुली मारली. डोळे भरून आले, कागदावरचं दिसेना, मनाला फार लागलं. तरी खाली सही केली आणि तारीख घातली.

अलमेलूंनी कागद हातात घेऊन वाचला. "अय्यो! हे तर सगळ्यांत वाईट निघालं. बारापैकी अकरा फुल्या! बरोबर काय, तर एकच, 'मूल खुशीत असतं.' हे प्रसन्न निलयम् कुठलं सार? मी कधी नाव ऐकलं नाही."

"लहानसंच आहे. एकच मुलगी असते," सेतुमाधवराव चष्मा पुसत म्हणाले. "सोमवारपासून बंद होतंय. तिच्यासाठी फॉर्म द्या."