उर्मिला खोत यांचे जमा हात

नोंदणी कार्यालयाच्या पत्राप्रमाणे उर्मिला खोत यांनी सोमवारी सकाळी अकरा वाजता आपले दोन्ही हात मनगटापासून काढून खिडकीवर जमा केले. कारकुनाने पोच लिहिली आणि त्यांना ती धरता येईना म्हणून पदराला टाचून दिली.

उर्मिलाबाई यंत्रमागांच्या वस्तीत ऑस्टिओपॅथीचा दवाखाना चालवत. तिथे औषध नव्हतं, सुई नव्हती, यंत्र नव्हतं; उपचार नुसत्या हातांनी. कार्यालयाचं म्हणणं सरळ होतं. ज्याने उपचार होतो ते उपकरण, आणि उपकरण म्हटलं की तपासणी आली.

तपासणी अधिकारी सावर्डेकर यांनी हात टेबलावर मांडले.

"हे हाडं मोडतात काय?"

"नाही. अंगात कुठं अडलंय ते चाचपून शोधतात. सांधा, स्नायू हळूहळू दाबून, ताणून मोकळा करतात. हाड मोडलेलं वाटलं तर मी डॉक्टरकडे पाठवते."

"चालवून दाखवा."

"कुणावर?"

"टेबलावर."

"टेबलाला दुखत नाही, साहेब."

हात हलले नाहीत. सावर्डेकरांनी 'बंद स्थितीत' असा शेरा मारला.

दुपारी सलीम मुजावर आला. चौदा वर्षं मागावर वाकून त्याची पाठ धरली होती. दवाखान्याला कुलूप बघून तो भिंतीचा आधार घेत, तिरका चालत इथवर पोचला होता. उर्मिलाबाईंनी त्याला बाकावर पालथं झोपायला सांगितलं. हात टेबलावरून उतरले, फरशीवरून बोटांनी चालत बाकावर चढले आणि त्याच्या कमरेवर जाऊन थांबले. बराच वेळ तसेच राहिले.

"काहीच करत नाहीत," सावर्डेकर म्हणाले.

"अंदाज घेतायत. घाई करू नका."

मग अंगठे मणक्याच्या कडेकडेने सरकू लागले. अर्ध्या तासाने सलीम उठला. पुरता सरळ झाला नव्हता, पण भिंत सोडून चालला.

"दाब किती किलोचा?" सावर्डेकरांनी विचारलं.

"पाठ घेते तेवढा."

हे रकान्यात बसेना. संध्याकाळी सावर्डेकरांनी तोडगा काढला. निर्णय होईपर्यंत हात घरी न्यावेत, मात्र कुणाला लावू नयेत.

"मग राहू देत इथंच," उर्मिलाबाई म्हणाल्या. "कुणाला लावायचेच नसतील तर घरी नेऊन काय करू?"

आणि त्या रिकाम्या मनगटांनी निघून गेल्या.

तीन दिवस सून त्यांना भरवत होती, वेणी घालत होती. "अट मान्य करून टाका की, आत्या," ती एकदा म्हणाली.

"आमटी वाढ," उर्मिलाबाई म्हणाल्या.

तिकडे कार्यालयात सकाळपासून रांग लागू लागली. मागवाले, विडी वळणाऱ्या बायका, एक मान अवघडलेले मुख्याध्यापक. हात बाकावर एकेकाला बघत. शिपायाने हरकत घेऊन पाहिली, पण अट घरी नेलेल्या हातांना होती; जमा झालेले हात बंद करण्याचा आदेश कुणाकडेच नव्हता.

शुक्रवारी सावर्डेकर सरकारी टॉवेलात गुंडाळलेले हात घेऊन स्वतः दवाखान्यात आले.

"अट?" उर्मिलाबाईंनी विचारलं.

"काढली. पण निर्णय अजून झालेला नाही."

"तुमचा होऊ दे सावकाश. माझा झालाय."

त्यांनी हात बसवले, बोटं उघडमिट करून पाहिली आणि बाहेर थांबलेल्या पहिल्या बाईला आत बोलावलं.