आण्णांचा लाल ठिपका

आमच्या घरात टायर कधी नवा आला नाही. वडील सायकलवरून दूध घालायचे, आणि टायर फाटला की आतून जुन्या टायरचा तुकडा लावून तोच पुन्हा चालवायचे. पुढं मी बी.कॉम. झालो, घराण्यातला पहिला. पन्हाळ्याला कचेरीत नोकरी लागली, जुनी मोटरसायकल घेतली. एकदा चढाच्या वळणावर मागचं चाक सटकलं, तेव्हा ठरवलं, आता टायर घ्यायचा तो नवा कोराच. वडील म्हणाले, "एकटा जाऊ नको. आण्णास्नी घेऊन जा."

आण्णा म्हणजे मंगळवार पेठेतले आमचे शेजारी. त्यांच्या घरातल्या प्रत्येक वस्तूवर लाल नेलपॉलिशचा ठिपका आहे. गॅसची टाकी, छत्री, चपला, दुधाची किटली. बाटली कायम शर्टाच्या खिशात. सुकत आली की थिनर घालतात, पण दुसरी आणत नाहीत. "लोकं वस्तू बदलत्यात," ते म्हणतात. "तुमचीच हाय, ह्याची खात्री काय?"

त्यांचा जन्म साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेला. वजन वाढवायला उसाच्या ट्रॉलीआड काट्यावर चोरून कोण उभं राहतंय का, हे बघता बघता नजर तशीच राहिली. देवळात प्रसाद घेतानाही ते आधी पुजाऱ्याच्या हाताकडं बघतात.

दुकानात शिरल्या शिरल्या त्यांनी टायर हुंगला.

"पावणं, ह्यो जुनाच घासूनपुसून ठेवलाय."

"आण्णा, वरचा कागद अजून काढला न्हाय," दुकानदार म्हणाला.

"कागद काय, मीबी गुंडाळतो."

मी टायरच्या कडेचे चार आकडे दाखवले. टायर कुठल्या आठवड्यात, कुठल्या वर्षी तयार झाला ते त्यावरून कळतं, असं सांगितलं.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"सगळ्यांना माहीत असतंय, आण्णा."

"म्हंजे छापणाऱ्यालाबी म्हाईत हाय की."

शेवटी अंगठ्याचं नख रबरात रुतवून त्यांनी एक टायर पास केला आणि लगेच त्यावर ठिपका ठेवला. मेकॅनिकनं तो बसवेपर्यंत त्यांची नजर हलली नाही. दुकानदारानं चहा सांगितला. "चहा कशापायी? काय झाकायचं हाय?" म्हणाले, आणि प्याले नाहीत.

मग मागं बसून हुकूम सोडला, "चालवून बघूया. बिद्रीकडं घे."

इथं मलाच संशय आला. आण्णांना सोबत नेऊन पेठेत ज्यानं ज्यानं टायर घेतला, त्याला बिद्रीचा रस्ता चुकलेला नव्हता. तिकडं काम काय, ते मात्र कुणाला सांगत नसत. म्हातारा फुकटात फिरून घेतोय, असं मी धरून चाललो.

बिद्रीच्या अलीकडं एका वस्तीत त्यांनी मला गाडी थांबवायला लावली. "रबर तापलंय का बघतो," म्हणाले. पण माझ्या गाडीकडं वळलेच नाहीत. समोरच्या अंगणात एक मोटरसायकल उभी होती, तिच्या मागच्या चाकाशी जाऊन बसले. नख लावलं. टायर पार गुळगुळीत झाला होता.

"कोण रं त्यो? गाडीला हात का लावतोस?" घरातून एक बाई ओरडत आली आणि जागीच थांबली. ती सुनीता, आण्णांची एकुलती मुलगी. तिनं स्वतः पसंत केलेल्या मुलाची आण्णांना खात्री पटली नाही, म्हणून ते लग्नाला गेले नव्हते. तेव्हापासून बोलणं बंद होतं.

"आण्णा? काय करताय?"

"टायर बघतोय. असल्यावर बसून फिरताय दोघं?"

"दर बारीला येगळ्या गाडीवरनं येऊन रस्त्यावरनंच बघून जाताय. मला दिसत न्हाय वाटतंय?"

आण्णा घाईनं उठले, तशी बाटली खिशातून पडली. सुनीतानं ती उचलली. "ही माझी. मी गेलो तवा घरात ऱ्हायलीती."

"तुझीच, ह्याची खात्री काय?" आण्णा म्हणाले.

तिनं झाकण त्यांच्यासमोर धरलं. त्यावर चावल्याच्या खुणा होत्या. "कुणाचं दात हाईत हे?"

तिनं चहा आणला. आण्णांनी तो हुंगून बघितला आणि सगळा पिऊन टाकला.

पुढच्या रविवारी त्याच दुकानात आण्णा, सुनीता आणि जावई आले. आण्णांनी टायर हुंगला, नख रुतवलं, दुकानदाराशी भांडले. बसवताना मात्र मेकॅनिककडं पाठ करून जावयाशी बोलत उभे राहिले. सुनीतानं बाटली पुढं केली.

"असू दे," आण्णा म्हणाले.

जावयाच्या गाडीला नवा टायर बसला. त्यावर ठिपका नाही.