नाना डेंटर आणि पद्मिनी

आमच्या बिल्डिंगीत कुणी नवी गाडी घेतली की देवापुढे पेढे ठेवण्याआधी नाना खाली हजर असतात. हातात हार नाही, तोंडात अभिनंदन नाही. बोट मुडपून ते गाडीच्या दारावर दोनदा ठोकतात, आत कुणी राहतं का हे विचारावं तसं. मग कान पुढे करून थांबतात आणि निकाल देतात. "पत्रा नाय हा. पापड हाय."

तळमजल्यावरच्या सावंतांची गाडी आली तेव्हा त्यांच्या मिसेस ओवाळत होत्या. नानांनी ठोकलं आणि गाडीचा अलार्म बोंबलायला लागला. तबक पडता पडता वाचलं. नाना शांतपणे म्हणाले, "बग, तिलापण लागलं." सावंत महिनाभर त्यांच्याशी बोलत नव्हते. नानांच्या ते लक्षातही आलं नाही.

नाना मूळचे बदलापूरकडचे, आगरी. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये त्यांनी चाळीस वर्षं डेंटरचं काम केलं. म्हणजे ठोकर बसलेल्या गाडीचा पत्रा हातोडीने पुन्हा सरळ करायचा. त्या आवाजाने कान थोडे गेले, त्यामुळे नाना खाजगी असं काही बोलूच शकत नाहीत. त्यांनी स्वतः कधी गाडी घेतली नाही. लायसन्सही काढलं नाही. कारण विचारलं तर म्हणतात, "मास्तर, डॉक्टर काय सगल्या पेशंटशी लग्न करतो?" (मास्तर म्हणजे मी. अंबरनाथ पूर्वेला शाळेत मराठी शिकवतो आणि त्यांच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहतो.)

माणसांची पारखही ते गाडीवरूनच करतात. पुतण्यासाठी मुलगी बघून आले, तेव्हा नानींनी विचारलं, मुलगी कशी आहे? नाना म्हणाले, "बापाची गाडी दोनदा ठोकलीय, पन काम चांगल्या हातानं करून घेतलंय. मानसं जपनारी वाटतात." नानींनी कपाळावर हात मारला. लग्न झालं. पुतण्याचा संसार उत्तम चाललाय.

नानींचे गुडघे गेलेत. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. त्या दोन वर्षांत खाली उतरलेल्या नाहीत. दळण, भाजी, औषधं सगळं नाना आणतात. फक्त हिवाळ्यात एका रविवारी त्यांची सुट्टी असते. शहरातल्या मैदानावर जुन्या आणि हौसेनं नटवलेल्या गाड्यांचं प्रदर्शन भरतं, त्या दिवशी. यंदा मीही बरोबर गेलो.

नानांच्या अंगात इस्त्रीचा शर्ट, कानात अत्तराचा फाया. प्रत्येक गाडीपुढे 'हात लावू नये' अशी पाटी होती, म्हणून नानांनी एका हाताने दुसरा हात पाठीमागे पकडून ठेवला होता.

सगळ्यात गर्दी होती ती छप्पर कापून बुटकी केलेल्या एका काळ्या गाडीभोवती. चाकं रोडरोलरसारखी, इंजिन उघडं, दोन्ही बाजूंना आगीच्या ज्वाळा रंगवलेल्या. आता नाना त्या पोरगेल्या मालकाचा पापड करणार, म्हणून मी दोन पावलं मागे सरलो. पण नाना उकिडवे बसले आणि जोड बघत राहिले.

"छप्पर कोनी कापलं?"

"मैंने खुद, अंकल."

"वेल्डिंग कुटं संपली ते दिसत नाय. मंजे चांगली हाय." मालक खूश झाला. मग नाना म्हणाले, "पन आग कनाला काढली?"

"स्टाईल, अंकल."

"बरं. खरी लागली तर लोकांना कलायचं नाय, तेवडं बग."

पुढच्या रांगेत एक क्रीम रंगाची पद्मिनी उभी होती. तिथे नाना गप्प झाले. मोठ्यांदा बोलणारा माणूस गप्प झाला की लगेच जाणवतं. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. मालक कॅम्प चारचे एक वयस्कर सिंधी शेठ होते. म्हणाले, "साईं, आराम से देखो. दरवाजा खोलो."

नानांनी मागचं दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. "माज्या लग्नात हीच होती," ते म्हणाले. "मंजे ही नाय, अशीच. गॅरेजला कामाला आलेली. गॅरेजचा शेठ एक दिवस वापर बोलला."

"अरे वा," मी म्हणालो.

"वा काय? दोन दारांना नुसती लांबी, मंजे पुट्टी भरलेली, रंग बाकी. मागची दारं उगडत नव्हती. नवरी डायवरच्या बाजूनं आत घेतली, सीटवरून मागं. लोक पोट धरून हसले. ती रडली नाय. पन आमच्या गावात गाडी शिरली तशी पदर तोंडावर घेऊन खाली वाकून बसली, ती घर येईस्तोवर. मी बोललो, रंग मारून परत फिरवीन तुला. दुसऱ्या दिवशी मालक गाडी घेऊन गेला." मग ते शेठकडे वळून म्हणाले, "जाताना आमच्या बिल्डिंगवरून न्याल? ती गॅलरीतून बगंल."

शेठनी चष्मा पुसला. "गॅलरी से क्यों, साईं? बिठाएंगे ना."

संध्याकाळी गाडी खाली आली. नानी ऐकेनात. "या वयात मला उचलून नेणार? शोभतं का?" नाना आत गेले आणि त्यांच्याशी काहीतरी बोलले. काय ते मला ऐकू आलं नाही. नाना हळू बोलू शकतात, हे मला त्या दिवशी समजलं. दहा मिनिटांनी नानी जरीकाठाचं लुगडं नेसून बाहेर आल्या. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवून आम्ही चौघांनी त्यांना उतरवलं. सावंतही आले होते. नाना पुढे उलटे चालत होते. "हलू. डावीकडं घ्या. कोपरा घासंल."

खाली नानींना मागच्या सीटवर बसवल्यावर नाना शेठशेजारी पुढे बसायला निघाले. नानी आतून म्हणाल्या, "तिकडं कुटं?" नाना मुकाट मागे येऊन बसले.

मैदानापर्यंत जाऊन येतो म्हणून गेलेली गाडी दोन तासांनी परतली. नानींना वर पोचवल्यावर मी नानांना जिन्यात गाठलं. "होतात कुठे?"

"आमच्या गावाला. तिनंच सांगितलं शेठला."

"मग? काय म्हणाल्या?"

"काय नाय. काच खाली करून बसलेली, सगला रस्ता." नाना कठड्याला टेकले. "देवलाजवल बायका उब्या होत्या. तिच्याएवढ्याच, म्हाताऱ्या. तितं शेठला बोलली, भाऊ, जरा हलू घ्या."

"मग?"

"मग शेठनं हलू घेतली."