पिवळे ठिपके

पत्र निनावी लिहायचं ही गरज होती. त्याचा मथळा लाल अक्षरांत छापायचा हा निव्वळ हौसेचा भाग. त्या हौसेनेच माझा घात केला.

झालं असं, की बायकोने पन्नाशीत ट्रम्पेट शिकायला घेतला. रोज पहाटे पाच चाळीसला ती सुरू होई. (वेळ अचूक आहे. मी बावीस वर्षं डायरी लिहितो.) तोंडावर सांगायची माझी छाती नव्हती. म्हणून 'कळकळीची विनंती' असा लाल मथळा देऊन घरच्याच प्रिंटरवर पत्र छापलं, खाली 'एक त्रस्त शेजारी' लिहिलं आणि आमच्याच पत्रपेटीत टाकलं.

पत्र तिने दोनदा वाचलं. ट्रम्पेट पेटीत गेला. मग म्हणाली, "हे वरच्या मास्तरांचंच काम! जिन्यात भेटले की कान चोळतात."

"अगं, त्यांचा कान दुखत असेल."

"दुखू दे. रविवारी सगळ्या बिल्डिंगसमोर जाब विचारते की नाही बघा!"

तिने भावाला फोन लावला. माझा हा मेहुणा प्रिंटर दुरुस्त करतो. आमचाही त्यानेच दिलेला.

"ताई, मथळा लाल आहे ना? मग कागद जपून ठेव," फोनमधून त्याचा आवाज आला. "रंगीत लेझर प्रिंटर कागदावर बारीक पिवळे ठिपके मारतात. नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्यात मशीनचा नंबर असतो, तारीख-वेळसुद्धा. शनिवारी निळ्या उजेडाची बॅटरी घेऊन येतो, त्यात ते दिसतात."

माझ्या हातातला चहा बशीत आला. म्हणजे मी निनावी पत्राखाली सही करून बसलो होतो, आणि ती लपवली तर गरीब मास्तर फुकट मरणार होते!

पत्र फाडलं तर संशय येणार. शनिवारी दुपारी बायकोचा डोळा लागल्यावर मला युक्ती सुचली. पिवळा स्केचपेन घेतला आणि मशीनचे ठिपके गर्दीत हरवावेत म्हणून सव्वा तास खपून कागदभर माझे ठिपके मारले. एकूण सहाशे बारा. (मोजले. सवय.)

संध्याकाळी मेहुण्याने कागद हातात घेतला. बॅटरी काढायची वेळच आली नाही.

"ताई, ह्याला गोवर कधी आला?"

"काल तर बरा होता!"

"भावोजी," मेहुणा शांतपणे म्हणाला, "मशीनचे ठिपके सारखे असतात. हे ज्याने मारलेत, त्याचा हात थरथरत होता."

दोघांनी माझ्या हाताकडे पाहिलं. पिवळं झालेलं बोट मी खिशात घातलं, पण उशीर झाला होता.

मी सगळं कबूल केलं. बायकोने ट्रम्पेटची पेटी उघडली. मग म्हणाली, "मास्तरांची माफी मी मागते. मनातल्या मनात बरंच बोलले त्यांना. पण तुम्हाला सरळ सांगता येत नव्हतं?"

"कसं सांगणार? डायरीत मात्र रोज लिहीत होतो. ती उघड्या फडताळात असते. मला वाटलं, एव्हाना तू..." आणि एकदम मला घाम फुटला. त्या बावीस वह्यांत काय काय लिहिलं होतं! "तू... वाचतेस का ती?"

"वाचते तर! झोप येत नसली की तीच घेते."

"सगळी वाचलीस?"

"छे हो," ती ट्रम्पेट पुसत म्हणाली, "तिसऱ्या पानापुढे अजून एकदाही जागी राहिलेली नाही."