सदाअण्णांच्या गाडीचा आवाज

रविवारी सकाळी सात वाजता दाराची कडी वाजली की समजायचं, सदाअण्णा आलेत आणि आपल्याला त्यांच्या नव्या मोटरसायकलवर मागे बसायचं आहे. जायचं कुठेच नसतं. मारुंजीतल्या आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आणि परत.

"काय न्हाई सर, नुसतं बसा. आन् सांगा, वाजतंय का."

अण्णा आमचे घरमालक. घोटावड्याच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं प्रेसवर पत्रे ठोकले, निवृत्त झाले आणि वीस वर्षांची जुनी गाडी मोडीत काढून ही नवी घेतली. त्या दिवसापासून त्यांच्या आठही खोल्यांतले भाडेकरू आळीपाळीने मागे बसले आहेत. बिहारहून आलेला फरशीवाला बसला, वरच्या मजल्यावरची संगणकवाली मुलगी लॅपटॉपची बॅग पाठीला लावून बसली. उतरल्यावर प्रत्येकाची उलटतपासणी. आपण उत्तर देताना अण्णा आपल्या तोंडाकडे असे टक लावून बघत की वाटावं, हे आपलं खोटं पकडायला टपलेत.

एकदा ते मला पिरंगुटच्या सर्व्हिस सेंटरला घेऊन गेले. त्या महिन्यातली त्यांची ती पाचवी खेप. मेकॅनिकने लांबूनच कपाळाला हात लावला.

"आवाज कसा येतो, काका? टकटक का खरखर?"

"ते तुमी सांगायचं."

"अहो, पण तुम्हाला काय ऐकू येतं?"

"मला कळलं असतं तर तुमच्याकडं कशाला आलो असतो?"

यावर मेकॅनिकने उरलेला चहा एका घोटात संपवला आणि चाचणीच्या निमित्ताने गाडी घेऊन निघून गेला. बराच वेळ आलाच नाही.

काळज्या आवाजापुरत्याच नव्हत्या. गाडीखाली ते रोज पुठ्ठा अंथरत. एका सकाळी त्यावर रुपयाएवढा तेलकट डाग दिसला. अण्णा मटकन ओट्यावर बसले. "इंजान गेलं," एवढंच बोलले. चार माणसं जमली. फरशीवाल्याने डागाला बोट लावलं, वास घेतला. तेवढ्यात आतून अण्णांच्या पत्नी कमलकाकू गुडघ्यावर हात ठेवत, लंगडत बाहेर आल्या.

"काल पापड तळून झारा हितंच झटकला मी," त्या म्हणाल्या. "गोडं तेल हाय ते. इंजान कशाला रडंल?"

सगळे हसले. अण्णाही हसले, पण पुठ्ठा बदललाच.

गेल्या महिन्यात त्यांना मुळशीला, काकूंच्या भावाकडे तांदूळ आणायला जायचं होतं. "सर, चला की. लांबच्या रस्त्यावर खरा आवाज कळतो." मला धरण बघायचं होतं, म्हणून बसलो.

पौडपर्यंत त्यांनी सहा वेळा विचारलं. प्रत्येक वेळी आरशात माझ्याकडे बघायचं, मी मान हलवायची. पौडच्या पुढे मात्र माझ्या डाव्या पायाशी खरंच काहीतरी खडखडू लागलं. सांगितलं असतं तर तिथूनच माघारी पिरंगुट. मी कंटाळलो होतो. त्यांनी आरशात बघितलं. मी मान हलवली, नाही.

मागून एक डंपर आला. हॉर्नवर हॉर्न. अण्णा रस्त्याच्या मधोमध, चाळीसच्या वेगाने, निवांत. "अण्णा, बाजूला घ्या!" काही नाही. "अहो, बाजूला!" मी त्यांच्या कानाशी ओरडत होतो आणि ते डोंगर बघत होते. डंपर अगदी पाठीशी आला तेव्हा मी घाबरून त्यांच्या खांद्यावर थाप मारली. त्यासरशी त्यांनी गाडी सफाईने डावीकडे कच्च्यात घेतली. डंपर धुरळा उडवत गेला आणि खडखडणारं साडीगार्ड खाली गळून पडलं.

मी उतरून त्यांच्यासमोर उभा राहिलो. "अण्णा, तुम्हाला ऐकू येत नाही?"

त्यांनी गाडीची किल्ली काढली, परत लावली.

"उजवा कान पार गेला. डाव्यात थोडं हाय. प्रेसवर सगळ्यांचंच जातं, सर." मग म्हणाले, "जुन्या गाडीवर कमल मागं असायची. मागनं गाडी आली की खांद्यावर एक थाप. काय वाजाय लागलं की दोन. वीस वर्षं मला कुणी बहिरा म्हणलं न्हाई. आता तिचे गुडघे गेले. गाडीवर चढता येत न्हाई तिला."

"मग कानाला मशीन का नाही लावत?"

"लोकं हसतात. आता बी हसत्यात, पर गाडीला हसत्यात."

"मला मघाशीच ऐकू आलं होतं," मी म्हणालो. "मी सांगितलं नाही. चुकलं माझं."

"व्हय?" त्यांचे डोळे चमकले. "म्हंजे वाजत हुतं?" आणि मोठ्या समाधानाने त्यांनी साडीगार्ड उचलून पुसलं.

पुढच्या रविवारी कडी वाजली ती विटा उचलायला. अण्णांनी ओट्यालगत तीन पायऱ्या बांधायला घेतल्या होत्या. सीटच्या उंचीला दोरी स्वतः धरली होती. सिमेंट वाळेपर्यंत कुणाला पाय ठेवू दिला नाही.

काकू भावाकडे निघाल्या त्या दिवशी नवं लुगडं नेसून, भिंतीला धरून तीन पायऱ्या चढल्या आणि अलगद सीटवर बसल्या. "परत आल्यावर कानाच्या डॉक्टरकडं जायाचं," त्यांनी दटावलं. "समद्यांसमोर सांगतीय." अण्णांनी आरशात बघत मान हलवली. मला गाडीवर बसा म्हणाले नाहीत. वाजतंय का, हेही विचारलं नाही.

गल्लीच्या तोंडाशी मागून एक टेम्पो आला. हॉर्न वाजायच्या आधीच काकूंचा हात उचलला गेला, अण्णांच्या खांद्यावर एकदा पडला आणि गाडी सावकाश कडेला झाली. टेम्पो निघून गेला. हात तिथेच राहिला.