पोतंभर सांबार

संजीवनीनं घरात जाहीरच करून टाकलं होतं, "जानेफळच्या बाजारात भजी सगळेच तळतात. मी इडली-सांबार विकणार! बारा वाजायच्या आत पातेलं रिकामं!"

माहेर नाशिकचं, त्यामुळे आत्मविश्वास द्राक्षाच्या वेलासारखा, आधार दिसला की चढलाच! सासूबाई सत्यभामाबाई लगेच उठल्या. दोऱ्या विकणाऱ्या कडूबाच्या पालात तिच्यासाठी अर्धी जागा मागून आल्या.

कडूबानं अट घातली, "एक बाजार पाह्यतो. गिऱ्हाईक उपाशी गेलं, त पुढच्या बाजाराले जागा पापडवालीले!"

बाजाराच्या दिवशी पालाच्या खांबाला झोळी बांधून झाली. झोळीत आठ महिन्यांची अर्पिता. दुपटी, बाटली, खुळखुळा, सगळं आठवणीनं आणलेलं. इडल्याही अर्पिताच्या गालांसारख्या टम्म फुगल्या! सहा गिऱ्हाईकं टेकली आणि संजीवनीनं पळी उचलली. सांबाराचं पातेलं घरीच राहिलं होतं!

तिनं नवऱ्याला, गजेंद्रला, फोन लावला. "अहो, सांबार राहिलं! असेल तेवढं घेऊन या!"

"सगळं?"

"सगळं! जरासुद्धा मागं ठेवू नका!"

"अवं, पण इतक्या सांबाराचं करतं काय?"

"इडलीबरोबर देते! पळा!"

इकडे कडूबाला चेव आला. "काऊन वो वयनी, इडली कोरडीच चारता काय? घशात अडकली त माह्याच दोरानं वढा लागीन!"

अर्ध्या तासानं गजेंद्रची मोटारसायकल आली. मागे सत्यभामाबाई, आणि दोघांच्या मध्ये एक गलेलठ्ठ पोतं!

"घे! अख्खा वाफा उपटला!"

पोत्याचं तोंड सुटलं आणि पालात हिरवा डोंगर उभा राहिला.

"अहो, ही तर कोथिंबीर!"

"हाव! तेच त सांबार!"

दोन वर्षं ती घरात कोथिंबीरच म्हणत आली होती. कुणी हसलं नाही, कुणी टोकलं नाही. सगळ्यांनी गुपचूप तिचाच शब्द शिकून घेतला होता. इकडचा शब्द तिच्या कानाला लागणार कुठून?

"आणि माझं पातेलं?"

"ते आंबट वरण?" सासूबाई म्हणाल्या, "ते वावरात निंदणाऱ्या बायांले वाढलं म्या. लय आवडलं त्याईले!"

संजीवनीचे डोळे भरले. कडूबा पापडवालीला शोधू लागला.

"रडतं काय पोरी? एवढं सांबार मांगतलं म्हणजे वड्याच कराच्या असतीन, म्हणून बेसन, तेल, कढई, सगळं घिऊनच आली मी!"

पदर खोचून त्या बसल्यासुद्धा! गिऱ्हाईकांना तोवर इडलीवर हिरवा ठेचा मिळाला. मग कढईतून खमंग सांबारवड्या निघाल्या आणि पालापुढे ही गर्दी! गजेंद्र झोळी हलवत कोथिंबीर निवडत होता. कडूबानं सात वड्या हाणल्या आणि ढेकर देऊन निकाल सांगितला, "जागा तुमचीच, वयनी!"

सासूबाईंचा तो बेसनानं माखलेला हात संजीवनीनं धरला. बोलायचं पुष्कळ होतं, पण पुढचा घाणा करपला असता.

पुढच्या बाजाराला पालावर पाटी झळकली : 'गरम सांबारवडी'. पहिल्याच फेरीला निंदणाऱ्या बाया हजर! वड्यांकडे बघून त्यांनी नाकं मुरडली. "हे त आमी घरीच करतो, बाई. ते आंबट वरण हाय काय?"

"आहे की!" संजीवनीनं ऐटीत मागे हात घातला. मागे नुसता खुळखुळा!

तिनं फोन लावला, मोठा श्वास घेतला आणि एकेक अक्षर तोलून म्हणाली, "अहो, आंबट वरण राहिलं. आं-बट व-रण! सांबार मी म्हटलेलंच नाही!"