विश्वंभरपंतांच्या नावाची माशी

बाळांनो, गोष्ट फार जुनी नाही आणि फार लांबचीही नाही. एका जंगलात एक थंडगार नदी होती. तिथे ट्राउट मासे राहत. पाण्यावर उतरणाऱ्या माश्या खाऊन मजेत जगत.

काठावर एक अस्वल होतं. त्याला मासे हवे होते, पण गार पाण्यात उतरायचा कंटाळा. म्हणून त्याने गळाला कोंबडीचं पीस लावलं, वर दोरा गुंडाळला आणि ही खोटी माशी पाण्यावर सोडली.

मासे खदखदून हसले.

विश्वंभरपंत तेवढे हसले नाहीत. हे नदीतले सर्वांत जाणकार ट्राउट. डोकं वर काढून ते म्हणाले, "अहो, ही माशी की केरसुणी? पोट बारीक करा. दोरा ताणून बांधा. पीस रानकोंबड्याच्या मानेचं घ्या."

"पंत, तुम्ही होतात म्हणून कळलं!" अस्वलाने हात जोडले.

पंतांना असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. घरी तर नाहीच.

पुढची माशी बरी जमली. तिच्यावर पंतांचा मेहुणा गेला.

"तुम्हीच शिकवलंत त्याला!" पंतांची बायको कुमुद रडत म्हणाली. "माझा भाऊ गेला हो!"

"वाईट झालं," पंत म्हणाले. "पण शेपटी अजून आखूडच होती. तुझा भाऊ म्हणून फसला."

शेपटीचं त्यांनी अस्वलालाही सांगितलं. नदी रिकामी होऊ लागली. उरलेले मासे पंतांना फार मान देऊ लागले. कारण आता जो जाई तो पंतांच्याच सल्ल्याने जाई.

एक दिवस अस्वलाने नवी माशी आणली. अंगाला मोरपीस, वर सोनेरी तार.

"पंत, हिचं नाव ठेवलंय 'विश्वंभरी'."

पंतांनी ते नाव दोनदा उच्चारून पाहिलं. ते जवळ सरकले.

"अहो, खोटी आहे ती! आत गळ आहे!" कुमुद ओरडली.

"मला सांगतेस? गळाचं माप मीच दिलंय. पण माझ्या नावाच्या माशीला आधी दुसऱ्याने तोंड लावलेलं मला चालायचं नाही."

आणि त्यांनी ती गिळली.

अस्वलाने पंतांना मोठ्या आदराने खाल्लं. मग तोंड पुसून ते म्हणालं, "पंतांची जागा रिकामी झालीय. माश्यांमधलं आणखी कुणाला कळतं का?"

कुमुद सोडून सगळे मासे पुढे आले.

तात्पर्य: आपलं ज्ञान मोकळ्या मनाने वाटावं. त्याचे भुकेले काठावर बसलेलेच असतात.